भोंगेकाकांचा पाऊण तास

गल्लीत त्यांना सगळे भोंगेकाका म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते पोस्टमनखेरीज कोणाला लागत नसे. कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर त्यांची अख्खी नोकरी गेली, आणि त्या बॉयलरच्या माथ्यावर जो वाफेचा भोंगा होता, त्याची साखळी ओढायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या आवाजावर गावात दूध चुलीवर चढायचं, शाळेची पोरं पळायची, आणि कोपऱ्यावर रंगलेली भांडणं "उद्या बघते तुला" म्हणून मोडायची.

"पूर्ण नोकरीत भोंगा एकदाही चुकला नाही," हे वाक्य घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याच्या पेल्याबरोबर मिळे. पाणी काकू देत, वाक्य काका.

वेळेबद्दल काकांचा स्वतःचा कायदा होता. उशिरा येणाऱ्याला सगळेच नावं ठेवतात, काका लवकर येणाऱ्यालाही ठेवत. "लवकर आलास म्हणजे काय उपकार केलेस? मी भोंगा पंधरा मिनिटं आधी वाजवला असता तर चाललं असतं का?" त्यामुळे ते कुठेही पोचत ते ठोक्याला. दवाखान्यात नंबर पुकारला जायचा आणि काका दारातून आत शिरायचे. कोणाला गाडीवर सोडायला गेले, तर ड्रायव्हरने हॉर्न दिला की समजायचं, काका आले. त्यांच्या सासूबाई एकदा खिडकीतून म्हणाल्या होत्या, "जावईबापू, तुम्ही मला पोचवायला येता की गाडीला?" उत्तर मिळायच्या आत गाडी हलली.

काकूंचं मत स्पष्ट होतं. "या माणसाने जन्मात कोणाचा धड निरोप घेतला नाही. बोलायची वेळच येऊ नये, म्हणून हे असं मिनिट मोजून येतात." काकू घरात शिवणकाम करत, आणि नकला त्याहून बऱ्या करत. गल्लीतला एकही आवाज त्यांच्या घशातून निसटलेला नव्हता. कान असा तयार की शिलाई मशीनची सुई बोथट झाली तर बघायच्या आधी ऐकू येई. काकांचं उलटं होतं. भोंग्याने त्यांचे कान जरा खाल्लेच होते. त्यामुळे त्या घरात काका मोठ्याने बोलत आणि काकू त्यांना हळूच ऐकत, असा संसार चालला होता.

कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी भंगारातून पत्रे मागितले, पाइप मागितले, एकाने तर मॅनेजरच्या खोलीचं दार नेलं. काकांनी मुठीत मावेल एवढी एक मोटर मागितली. बॉयलरचा दाब गोल कागदावर रेघ ओढून दाखवणारं एक यंत्र होतं, त्यातला कागद फिरवणारी ती मोटर. दिवसाला कागदाचा एक फेरा, ना कमी ना जास्त.

"हिचं काय करणार?" मॅनेजरने विचारलं.

"चालवणार," काका म्हणाले.

लेक तेव्हा शाळेत होती. बापलेकीने मिळून त्या मोटरचं घड्याळ केलं. टेबलफॅनच्या जाळीची गोल चौकट, तिच्यात पांढरा रंगवलेला पत्रा, छत्रीच्या काड्यांचे काटे, आणि दातेरी चाकं एका मेलेल्या गजराच्या घड्याळाची. आकडे लेकीने काढले. तिचा सात जरा पलीकडे कलंडला, त्यामुळे त्या घरात सात वाजले की बघणाऱ्याची मानही कलते. पक्कड देणं, टॉर्च धरणं, "बाबा, वायर उलटी लावताय" असं वेळेत सांगणं, ही सगळी तिची कामं. म्हणून काकांनी तिचं नाव असिस्टंट ठेवलं, आणि पोरगी इंजिनिअर झाली तरी ते उतरलं नाही.

घड्याळ भिंतीतल्या विजेवर थेट चालत असे. ते टिकटिक करत नसे, 'घूं' म्हणत असे, एकसारखं. काकांना ते ऐकू येत नव्हतं. काकूंना ते येता-जाता ऐकू येई आणि त्या त्याच सुरात गुणगुणत मशीन चालवत.

मग कायदा झाला, घरात एकच घड्याळ. मोबाइल सगळ्यांकडे आले, पण त्यात वेळ बघणं म्हणजे घरचं ताट सोडून शेजारी जेवायला जाणं. काका रोज सकाळी अंघोळ करून भिंतीसमोर उभे राहत आणि मनगटावरचं घड्याळ त्याच्याबरोबर लावून घेत. पलीकडचा सलूनवाला त्या वेळेवर शटर उघडे. तो प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देणारा माणूस. "काका, वाजले किती? नऊच वाजले असणार. मी उघडलं का? उघडलंच की."

एकच अडचण होती. वीज गेली की घड्याळ जिथल्या तिथे थांबे. वीज आली की काका स्टूल ओढून वर चढत, सेलवरचा रेडिओ काकूंना धरायला लावत, आणि बातम्यांचा पहिला शब्द कानावर पडताच काटा सोडत. वर्षातून दोनचार वेळा हे ठीक होतं. पण रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि खोदणाऱ्या मशीनला जमिनीतल्या वायरी फार आवडू लागल्या. काका दिवसाआड स्टुलावर. एकदा काका खाली आले ते स्टूल सोडून. नशीब चांगलं, शिवून ठेवलेल्या परकरांच्या ढिगात पडले. काकूंनी त्यांना उठवलं, परकर झटकले आणि सरळ बाजारातून इन्व्हर्टरवाल्याला घेऊन आल्या.

हा पोरगा आपल्या दुकानात इन्व्हर्टर स्वतः जोडायचा. दर वाक्यात एकदा "डोळे झाकून" म्हटल्याशिवाय त्याचा श्वास आत जात नसे.

"पंखे किती चालवायचे, काकू?"

"पंखा नको."

"टीव्ही?"

"नको."

"मग चालवायचं काय?"

"ते." काकूंनी भिंतीकडे बोट केलं.

त्याने घड्याळाकडे बघितलं, मग बॅटरीकडे, मग परत घड्याळाकडे. "काकू, एवढ्या बॅटरीवर हे माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत चालेल. डोळे झाकून."

"आधी तुझं होऊ दे," काकू म्हणाल्या.

"डोळे झाकून घड्याळ कसं बघायचं?" काकांनी मनापासून विचारलं. पण इन्व्हर्टर बसला. वीज गेली की खट् असा आवाज यायचा आणि काटे चालूच राहायचे. काकांनी स्टूल माळ्यावर टाकलं, रेडिओ पेटीत ठेवला, आणि दोन दिवस ते घरात नवरदेवासारखे वावरले.

त्याच आठवड्यात लेकीला जायचं होतं.

नेमणुकीचं पत्र महिन्यापूर्वीच आलं होतं. नोकरी लांबच्या शहरात होती, एक दिवस आणि एक रात्र प्रवास. वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये तिला बसायचं होतं. भिंतभर पडदा, त्यावर आकडे, आणि त्या आकड्यांवर नजर ठेवायची. गावातल्या पंपाच्या कारखान्यातही तिला जागा मिळत होती, सायकलवर जाण्याएवढी जवळ. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आकड्याकडे बघत बसायचं? काही ओढायचं नाही, काही फिरवायचं नाही. याला काम म्हणतात?" आणि मग म्हणाले, "बघू."

त्यानंतर महिनाभर त्या विषयावर काकांच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. तिकीट काढू का? बघू. बॅग कुठली नेऊ? बघू. काकू स्वयंपाकघरात नकला करून करून दमल्या. "भाजीत मीठ घालू का? बघू. घर पेटलंय, विझवू का? बघू."

पोरगी हसायची, पण एकदा काकूंच्या मशीनपाशी बसून म्हणाली, "आई, मी जाणार हे नक्की आहे. पण मी 'येते' म्हटल्यावर बाबांनी 'ये' म्हटलं नाही ना, तर मी तिथे पोचेन पण गेले असं वाटणार नाही."

"म्हणतील गं."

"कधी म्हणतील? गाडीने हॉर्न दिल्यावर?"

काकूंनी धागा दातांनी तोडला. काका दारात चपला घालत होते आणि हे सगळं त्यांना ऐकू आलं होतं. मायलेकी त्यांच्यासाठी मुद्दाम मोठ्याने बोलत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना पोरगी जायला नको होती अशातला भाग नव्हता. भोंगा वाजवणाऱ्याला काय बोलावं लागतं? साखळी ओढली की झालं. इथे साखळी कुठे आहे तेच सापडत नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी खोदणाऱ्या मशीनने मोठी वायर खाल्ली. अख्ख्या भागाची वीज गेली. संध्याकाळी बातमी आली की उद्या दुपारपर्यंत काही होत नाही. सगळी गल्ली हळहळली, एकटे काका खूश. "आमचं चालू आहे," असं त्यांनी सलूनवाल्याला रस्त्यापलीकडे ओरडून सांगितलं. "थांबलंय का? नाही थांबलं. थांबणार का? नाहीच," सलूनवाला म्हणाला.

त्या संध्याकाळी काकांनी दोन गोष्टी पाहिल्या आणि दोन्हींचा अर्थ आपल्या सोयीने लावला. काकू कपड्यांच्या घड्या घेऊन जाताना घड्याळाखाली थांबल्या, मान तिरकी करून. "काय झालं?" "कुठे काय," म्हणून पुढे गेल्या. थोड्या वेळाने लेकीने फोन बघितला, मग भिंतीकडे बघितलं, आणि फोन गुपचूप बॅगेत टाकला. काकांना बरं वाटलं. जाता जाता का होईना, पोरगी नियम पाळतेय.

सकाळी त्यांनी मनगटावरचं घड्याळ भिंतीबरोबर लावलं. गाडी नऊची. स्टँड चालत जाण्याएवढं. काकांनी हिशोबाने निघायला लावलं, म्हणजे पोचायचं, बॅग ठेवायची आणि गाडी सुटायची. बोलायला फट नको.

रस्त्यात त्यांना जग जरा ढिलं वाटलं. सलूनवाल्याचं शटर बंद. शाळेची गाडी कोपऱ्यावर नाही. पेपरवाला अजून पेपर टाकतोय. "एक दिवस वीज नाही तर सगळ्यांची शिस्त गेली बघ," काका म्हणाले. मागून बॅगेची चाकं खडखडत होती. मायलेकी एकमेकींकडे न बघता चालत होत्या, आणि न बघता चालायला त्यांना बरीच मेहनत पडत होती.

स्टँडवर गाडी नव्हती. काका तडक खिडकीपाशी गेले. आतले कंट्रोलरसाहेब वर्षानुवर्षं माइकवर बोलून असे झाले होते की घरी पाणी मागितलं तरी दोनदा मागत.

"नऊची गाडी कुठे आहे?"

"नऊची गाडी नऊला लागेल, नऊची गाडी नऊला लागेल."

"नऊ वाजले."

"वाजायचेत, वाजायचेत." त्यांनी मागच्या भिंतीकडे अंगठा केला. तिथल्या घड्याळात सव्वाआठसुद्धा धड झाले नव्हते.

"तुमचं घड्याळ मागे आहे," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, कीव होती.

"असेल, साहेब, असेल. पण गाडीवालेही हेच बघतात."

काका चहाच्या टपरीवर गेले. तिथलं घड्याळ कंट्रोलरच्या बाजूने बोललं. एका बाईंच्या मनगटात वाकून बघितलं, तेही तेच. तिकिटाच्या रांगेत एका माणसाला विचारलं, त्याने फोन दाखवला. काका स्टँडभर हिंडले आणि जिथे गेले तिथे जग मागे होतं. अख्खं स्टँड मागे असू शकत नाही, हे त्यांना फलाटाच्या टोकाला पोचल्यावर उमगलं. तिथून परत येताना त्यांची चाल वेगळी होती.

लेक आणि काकू बाकावर बसल्या होत्या. काका शेजारी टेकले. स्टँडवरच्या बाकाला पाठ लावायची ही त्यांची पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

"घड्याळ पुढे गेलंय," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"पाऊण तास."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"काल संध्याकाळी फोनवर दिसलं. तेव्हा थोडंच पुढे होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"घरात एकच घड्याळ. नियम कोणाचा?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू बॅगेची चेन उघडून परत लावत होत्या. "माझ्याकडे काय बघता? मला मेलीला घड्याळातलं काय कळतंय."

"काल खाली उभी होतीस, मान वाकडी करून."

"बघत नव्हते. ऐकत होते. एरवी ते 'घूं' म्हणतं. काल दुपारपासून 'घीं' म्हणायला लागलं." काकूंनी दोन्ही आवाज इतके हुबेहूब काढले की शेजारचा माणूस बाकाखाली वाकून बघू लागला. "मशीनचा आवाज चढला म्हणजे समजायचं, पायाने जोर धरलाय. घड्याळाला घाई झाली होती."

"आणि बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही काटा मागे केला असता, आणि आत्ता आपण घरी असतो. पोरीचा चेहरा गाडीच्या खिडकीत दिसला असता, तोही पाठमोरा."

काकांना रागवायचं कोणावर तेच कळेना. पूर्ण नोकरीत न चुकलेला भोंगा आज पाऊण तास चुकला होता, आणि नुकसान म्हणावं तर शेजारी पोरगी बसली होती, जवळ.

"पण झालं कसं?" त्यांनी शेवटी विचारलं. "मोटर तीच. चाकं तीच."

"वीज ती नाही," लेक म्हणाली. ती बाकावर त्यांच्याकडे वळून बसली, लहानपणी टॉर्च धरून बसायची तशी. "भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. तुमच्या मोटरला तेवढंच कळतं. पन्नास मोजले की ती म्हणते, झाला एक सेकंद. इन्व्हर्टर स्वतःची वीज स्वतः बनवतो, आणि त्याने हेलकावे जास्त दिले. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत पाऊण तास... म्हणजे शंभराला चार, पन्नासाला दोन. बावन्न देतोय तो."

"म्हणजे घड्याळाची चूक नाही."

"नाही. त्याने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे मोजलं."

काकांना घड्याळाच्या वतीने हायसं वाटलं. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली. बॉयलरवर काही नवं दिसलं की ती यायची.

"मग इतकी वर्षं ते पन्नास बरोबर कोण देतंय?"

लेक हसली. "तेच तर सांगायचंय महिनाभर. तुम्ही 'बघू' म्हणून उठता."

"आता कुठे उठणार? गाडीच नाही."

"मी जिथे चाललेय ना, तिथे भिंतीवर सगळ्यांत मोठा आकडा हाच असतो. पन्नास. लोकांनी एकदम पंप लावले, कारखाने सुरू केले की तो खाली सरकतो. बंद केले की वर जातो. त्याला पन्नासाला धरून ठेवायचं. कुठे वीज वाढवायला सांगायची, कुठे कमी करायला. दिवसरात्र, पाळीपाळीने."

"नुसतं बघून?"

"बाबा, तुम्ही काय करत होतात? दाबाच्या काट्याकडेच बघत होतात ना?"

पोरगी बरोबर बोलत होती. साखळी दिवसातून मोजक्या वेळा ओढायची, बाकी सगळी नोकरी काट्याकडे बघण्यात गेली. काटा ढळू न देणं हेच तर काम होतं. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे," ते हळूहळू म्हणाले, "मी घरी बसून 'माझं घड्याळ, माझं घड्याळ' करत होतो, आणि कोणीतरी अनोळखी माणूस रात्ररात्र जागून ते चालवत होता."

"माणसं. आणि बायकासुद्धा."

"त्यांना कधी कोणी काही म्हटलं? बरं केलंत, असं?"

"आकडा ढळला तर सगळे बोलतात. नाही ढळला तर कोणाला कळतच नाही."

"भोंग्याचं तेच," काका म्हणाले. "मग तू असं कर. तिथे गेलीस की पहिल्याच दिवशी त्यांना सांग. एक भोंगेवाला आहे, त्याचं घरी केलेलं घड्याळ आहे, ते तुमच्या जिवावर चालतं. त्याने हात जोडून आभार मानलेत म्हणावं. विसरू नकोस. पहिल्याच दिवशी."

काकूंचा चेनवरचा हात थांबला. महिनाभर ज्या होकारासाठी त्या कान लावून होत्या, तो मागच्या दाराने आत आला होता, आणि आणणाऱ्याला पत्ताच नव्हता.

"सांगते," लेक म्हणाली आणि तिने पटकन विषय बदलला. "बाबा, भोंगा काढा ना. लहानपणी मला दूध संपवायला लावताना काढायचात तो."

"इथे?"

"अर्धा तास आहे अजून. काय करणार दुसरं?"

अर्धा तास आहे, हे वाक्य काकांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि आधी हळू, मग छातीतला सगळा वारा लावून सकाळच्या पाळीचा भोंगा काढला. खालून उठणारा, वर जाऊन टिकणारा, शेवटी जरा कापणारा. टपरीवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला. काकूंनी वरची पट्टी धरली. कंट्रोलरसाहेब खिडकीतून अर्धे बाहेर आले. "कुठली गाडी आली, कुठली गाडी आली?"

मग बोलणी निघाली. पहिल्या दिवशी भोंग्याची साखळी हातात घेताना किती भीती वाटली होती ते काकांनी सांगितलं. हे काकूंनाही नवीन होतं. तिथे खोली कुठे आहे, खाली दुकान आहे का, पाळी संपल्यावर सोबतीला कोण असतं, हे महिनाभराचे सगळे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. उत्तरं नीट ऐकून घेतली, कान पुढे करून.

गाडी लागली. काका आधी चढले, खिडकी उघडते का, मिटते का ते बघितलं, बॅग वर ठेवली, कंडक्टरला उगाच नमस्कार केला. खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले.

"येते, बाबा."

"ये, असिस्टंट."

पोरगी खिडकीच्या दांडीवर हनुवटी टेकून हसली. "आता असिस्टंट कोण? तुमचं घड्याळ माझ्या हातात जाणार."

"बघू," काका म्हणाले, आणि यावेळी तिघंही हसले.

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते हात हलवत राहिले. परत येताना काकू म्हणाल्या, "दमलात?" काका म्हणाले, "नाही. पण हा हात इतका कधी हलवला नव्हता."

घरी न जाता ते इन्व्हर्टरवाल्याकडे गेले. बातमी स्टँडवरच्या टपरीवाल्याकडून आधीच पोचली होती. काका दिसताच पोरगा उभा राहिला. "काका, बॅटरी नवी आहे म्हणून झालं असेल. दोन दिवसांत बसेल, डोळे झाकून सांगतो."

काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाळा, तुझे फार उपकार झाले."

पोरगा घाबरला. "काका, असं टोचून बोलू नका. सरळ शिव्या द्या."

"अरे, खरंच म्हणतोय."

काकूंनी त्याला सगळं समजावलं, कंट्रोलरच्या आवाजासकट. तो संध्याकाळी मीटर घेऊन घरी आला आणि तारा लावून बघितल्या. मीटरवर बावन्न आलं. काकांनी ते बघून मान डोलावली. पोरीचा हिशोब बरोबर होता.

"आत एक बारका स्क्रू आहे," पोरगा म्हणाला. "जरा डावीकडे घेतला की पन्नास. घेऊ?"

"घे. पण बावन्नही राहू दे. दोन्ही देता येईल असं एखादं बटण बसव."

"बावन्न कशाला?"

"लागतं कधीकधी."

त्याने बटण बसवलं. खाली पन्नास, वर बावन्न. ते खालीच राहिलं, वीज गेली तरी घड्याळ 'घूं'च म्हणू लागलं. पाहुण्यांना पाण्याबरोबर आता नवं वाक्य मिळू लागलं. "आमची मुलगी पन्नास धरते." ज्याला समजे तो मान हलवी, ज्याला समजत नसे तो पाणी पिऊन टाकी. आणि रेडिओ परत पेटीतून बाहेर आला. सकाळच्या बातम्यांचा पहिला शब्द आणि भिंतीवरचा काटा जुळला की काका भिंतीकडे बघून म्हणत, "शाब्बास." लेकीचा निरोप फोनवर आला होता. पहिल्याच दिवशी तिने तिथे सांगितलं होतं. वरिष्ठ बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, इतकी वर्षं इथे बसतेय, आभार पहिल्यांदाच आले.

वर्ष उलटायच्या आधी लेकीला रजा मिळाली. ती यायची त्याच्या आदल्या दिवशी दुपारी काकूंनी शिवता शिवता मान वर केली. वीज होती. मशीनवरचा दिवा लागलेला होता. तरी काका इन्व्हर्टरपाशी वाकून काहीतरी करत होते, आणि घड्याळाची वायर भिंतीतून काढलेली होती.

"अहो, वीज आहे."

"आहे की. पण पोरगी आजपासून रजेवर आहे ना? मग तिकडे पन्नास कोणी धरलंय, कोणास ठाऊक. आपली बॅटरी बरी."

काकूंनी पायाने मशीन थांबवलं आणि ऐकलं. घड्याळ 'घीं' म्हणत होतं.

त्या उठून दारापाशी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर जायला चपला पुसून ठेवल्या, दोघांच्याही.